आटलेल्या तळ्याला शून्य

"हे पुस्तकाचं झालं. आता तुझं सांग."

एवढं म्हणून आमचे मराठीचे सर हातातलं पुस्तक टेबलावर पालथं घालायचे आणि दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचे. खुर्ची असूनही खुर्चीत न बसता टेबलाच्या कडेला टेकायचे आणि समोर उभ्या असलेल्या पोराकडे बघत राहायचे. पोरगं बिचारं नुकतीच 'उपमा' या अलंकाराची व्याख्या एका दमात म्हणून मोकळं झालेलं असायचं. आता सुटलो, असं समजून खाली बसायच्या बेतात असायचं. त्याला पुन्हा सरळ उभं राहावं लागायचं.

मी शास्त्राचा शिक्षक. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. आमची शाळा खर्ड्याच्या बाजूला, जामखेड तालुक्यात, आणि तिच्या मधल्या भिंती छतापर्यंत पोचलेल्या नाहीत. बांधणाऱ्याने त्या डोक्याच्या वर हातभर नेल्या आणि तिथेच सोडल्या. त्यामुळे इकडे मी घनता शिकवत असताना तिकडची अतिशयोक्ती माझ्या वर्गात यायची. अकरा वर्षं मी त्यांचा तास असा भिंतीवरून ऐकला, येता-जाता दारातून पाहिला. माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे तोंड करून बसायची आणि कान तिकडे लावायची. मला राग यायचा. पण मीही तेच करत होतो.

अकरा वर्षं ते आमच्याकडे तासिका तत्त्वावर होते. हे काय असतं ते ज्यांच्या घरात शिक्षक आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. जेवढे तास घ्याल तेवढ्याचंच मानधन, मे महिन्यात काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज. आम्ही कायम शिक्षक हजेरीपत्रकात सही करायचो, त्यांची सही वेगळ्या वहीत. त्या वहीला पुठ्ठाही नव्हता. शिक्षकदिनाचा फोटो काढायची वेळ आली की ते आपणहून कॅमेरा हातात घ्यायचे. त्यामुळे शाळेच्या एकाही फोटोत ते नाहीत. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

बारीक अंगाचा माणूस, सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे कागदात गुंडाळलेले. बोलणं घरचं. वर्गातसुद्धा 'हाय' आणि 'न्हाई'. हेडसरांना ते खटकायचं. "मराठीचा शिक्षक आणि भाषा ही अशी?" असं ते आम्हाला म्हणायचे, त्यांना कधी म्हणाले नाहीत. एकदा मीच सरांना विचारलं, की वर्गात तरी पुस्तकी का बोलत नाही? ते म्हणाले, "पुस्तकी बोलाय लागलो का पोरं पुस्तकीच उत्तर देत्यात, सर." आम्ही दोघे एकमेकांना सर म्हणायचो. शाळेत असंच असतं.

त्यांच्या तासाचे नमुने सांगतो, म्हणजे तुम्हालाही भिंतीपलीकडे बसल्यासारखं होईल.

अतिशयोक्ती चालली होती. एका पोराने व्याख्या म्हटली, पुस्तकातलं उदाहरण म्हटलं. पुस्तक पालथं पडल्याचा आवाज आला. "आता तुझं सांग." मग तो पोरगा म्हणाला, "आज्याला इचारलं पाऊस किती झाला, तर म्हनतो, चिमनीचं पायसुदिक भिजलं न्हाईत." सगळा वर्ग हसला. माझाही हसला. सर म्हणाले, "बस खाली. आज्याला सांग, तुला मराठीत पैकीच्या पैकी मिळालं."

उपरोधाच्या दिवशी एक पोरगी म्हणाली, "पान्याचा टँकर आठ दिसांनी येतो. माझी चुलती डायवरला म्हनती, या, लई लवकर आला." सरांनी विचारलं, "मग डायवर काय म्हनतो?" ती म्हणाली, "त्याला वाटतं खरंच म्हनती." यावर सर इतके खूश झाले की त्यांनी तो अख्खा तास उपरोध न कळणाऱ्या माणसांवर घालवला. हेडसर व्हरांड्यातून जात होते ते ऐकत थांबले, आणि मान डोलावून पुढे गेले.

'निवेदक' शिकवताना त्यांनी मधल्या सुट्टीत भांडलेल्या दोन पोरांना पुढे बोलावलं आणि दोघांकडून तेच भांडण सांगवून घेतलं. एकात डबा आपोआप सांडला होता, दुसऱ्यात तो लाथ मारून सांडवला होता. सर म्हणाले, "गोष्ट ऐकताना पयलं बगायचं, सांगतंय कोन. त्याचा डबा सांडलाय का त्यानं सांडवलाय." तर हीही गोष्ट मी सांगतोय, हे तुम्ही ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि ती एक पोरगी. आठवीत होती, तिसऱ्या बाकावर, तोंडातून शब्द निघायचा नाही. आईबाप दर वर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे, ती मामाकडे राहायची. उपमेचं उदाहरण विचारलं तेव्हा तिने, "तिचे मुख कमळासारखे सुंदर आहे," असं म्हटलं, आणि सरांनी पुस्तक पालथं घातलं. ती नुसती उभी. घंटा झाली. सर म्हणाले, "उद्या सांग." दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला भिंतीपलीकडे बसून सरांचाच राग यायला लागला होता. कशाला छळायचं पोरीला? चौथ्या दिवशी, टोळी निघायच्या आदल्या दिवशी, ती न विचारता उठली असावी, कारण सरांचा आवाज न येता तिचाच आला. "आई काल मेनबत्तीचं मेन टाचंत भरत हुती. माझ्या आईच्या टाचा आटलेल्या तळ्यावानी हायत."

तिकडे कोणी हसलं नाही, इकडेही नाही. माझ्या हातात खडू होता, तो मी खाली ठेवला. मला माझ्या आईच्या टाचा आठवल्या.

मधल्या सुट्टीत सर डबा न उघडता माझ्याजवळ बसून राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "सर, आज माझा तास झाला."

त्याच वर्षी आमच्या संस्थेने वाचन कसोटी काढली. संस्थेच्या सगळ्या शाळांमधल्या आठवी-नववीच्या पोरांना एकच पेपर. एक उतारा वाचायचा, त्यावर प्रश्न, आणि शेवटी साहित्यातल्या संज्ञा. उपमा, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, उपरोध, निवेदक, अशी पानभर यादी आली. प्रत्येक संज्ञेचा अर्थ लिहायचा आणि एक उदाहरण द्यायचं. पोरांना वाचलेलं कळतं का, हे तपासायचं होतं म्हणे.

त्या सुमाराला आमच्या शाळेत मराठीची एक कायम जागा निघाली. संस्थेचे सचिव आले, आम्हा सगळ्यांच्या देखत सरांना म्हणाले, "तुमचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे. कसोटीत वर्ग वर आणा, मी सही करतो. नाही आला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." सर नुसतं "व्हय" म्हणाले. त्यांचं वय निघून चाललं होतं. पुढच्या वर्षी त्यांचा अर्जसुद्धा कोणी घेतला नसता. हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही.

दुसऱ्या शाळांनी काय केलं असेल ते सांगायची गरज नाही. हेडसरांनीही कुठून तरी एक पान मिळवलं, संज्ञा, व्याख्या आणि उदाहरण, आणि त्याच्या झेरॉक्स वाटल्या. सकाळच्या परिपाठात प्रतिज्ञेनंतर सगळी शाळा चेतनगुणोक्तीची व्याख्या म्हणायला लागली. सरांनी विरोध केला नाही. फक्त वर्गात सांगितलं, "व्याख्या ह्यातली लिव्हा. उदाहरन तुमचं लिव्हा."

मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, पेपरात तरी कमळच लिहू द्या पोरांना."

"तुमी कमळ बगितलंय का, सर?"

"चित्रात."

"आन तळं?"

"सर, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्यांनी खिशातले खडूचे तुकडे काढून कागदात पुन्हा नीट गुंडाळले. मग म्हणाले, "अर्थ कळला का न्हाई, ते उदाहरनावरनंच कळतंय. कमळ तर न कळता बी लिव्हता येतं. तपासनारा मास्तरच असनार ना? त्याला कळंल."

तपासणारा मास्तरच होता.

पेपर तपासायला केडगावला, संस्थेच्या मुख्य कार्यालयात बोलावलं. मराठीचे शिक्षक पुरेनात म्हणून आम्हा शास्त्र-गणितवाल्यांनाही ओढलं. उत्तरसूची असली की कोणीही तपासू शकतो, असं सगळ्यांचं मत. तासिका तत्त्वावरच्या लोकांना मात्र बोलावलं नव्हतं. सगळ्या शाळांचे गठ्ठे मिसळलेले, पेपरावर नाव नाही, नुसता क्रमांक. प्रत्येकाला उत्तरसूचीची एका बाजूची झेरॉक्स. वरच ठळक छापलेलं: उदाहरण चुकल्यास गुण देऊ नयेत. खाली संज्ञा आणि एकेक उदाहरण. उपमेसमोर कमळ.

पहिले दोन गठ्ठे झपाझप गेले. कमळ, बरोबर. कमळ, बरोबर. एकाने 'कमाल' लिहिलं होतं, त्यालाही दिले. तिसऱ्या गठ्ठ्यात पहिल्याच पेपरात चिमणीचे पाय भिजले नव्हते. मी हसलो, आणि मग माझं हसू थांबलं. पुढच्या पेपरात टँकर आठ दिवसांनी आला होता. मधेच कोणाची तरी पाण्याची मोटर दोन दिवस रुसून बसली होती. आणि सातव्या की आठव्या पेपरात, वळणदार अक्षरात, पुस्तकी भाषेत नीट बसवून: माझ्या आईच्या टाचा आटलेल्या तळ्यासारख्या आहेत.

मी तो पेपर घेऊन उठलो, हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. तपासणीवर देखरेखीला एक निवृत्त हेडमास्तर होते, मफलर गुंडाळून बसलेले. मी म्हणालो, "उदाहरण सूचीतलं नाही, पण बरोबर आहे."

त्यांनी पेपर वाचला नाही, सूची वाचली. "इथं कमळ आहे."

"हो, पण उपमा बरोबर आहे."

"तुम्ही शास्त्राचे ना?" मी हो म्हणालो. "कुठली शाळा?" मी सांगितली. "आणि हा गठ्ठा कुठल्या शाळेचा?"

"क्रमांक आहेत, सर. मला काय ठाऊक?"

"मग एवढा जीव का तोडताय?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक मान वर करून बघायला लागले. वरच्या मजल्यावर त्याच सचिवांच्या टेबलावर माझाही एक कागद होता. मला पर्यवेक्षक करायचं चाललं होतं. मी म्हणालो, "तसं नाही, सहज विचारलं," आणि जागेवर येऊन बसलो.

तुम्ही म्हणाल, एकटा माणूस काय करणार? असं म्हणू नका. मी उदाहरणं वाचायचीच थांबलो असतो तर निदान आंधळेपणाने चुकलो असतो. मी प्रत्येक उदाहरण वाचलं. प्रत्येक वेळी ते बरोबर आहे हे मला कळलं, आणि प्रत्येक वेळी मी शून्य दिलं. माझ्या शाळेला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून दुसरा एखादा ज्याला अर्धा गुण देईल त्यालाही मी शून्य दिलं. टाचांना देताना हात जरा थांबला. पण थांबलेल्या हाताने दिलेलं शून्य काही लहान होत नाही. गठ्ठ्याच्या तक्त्यावर सही केली आणि संध्याकाळच्या एसटीने परत आलो.

निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेची आठवी आणि नववी दोन्ही तळाला. सरांनी हेडसरांकडे पेपर बघायला मागितले. हेडसर म्हणाले, "नियमात नाही." मग ते माझ्याकडे आले.

"सर, तुमी केडगावला हुता. तपासनी कशी झाली?"

"काटेकोर," मी म्हणालो.

"मग आमचंच कुटं तरी चुकलं आसनार," असं म्हणून ते वर्गावर गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू येत होता. ते पोरांना विचारत होते, तुम्ही नक्की काय काय लिहिलं, आणि पोरं एकेक करून सांगत होती. मी माझ्या वर्गाला मोठ्याने वाचायला लावलं.

संस्थेच्या बैठकीत सरांच्या जागेचा निर्णय व्हायचा होता. तिच्या बारा दिवस आधी मी ऑफिसच्या कपाटात विज्ञान प्रदर्शनाची फाईल शोधत होतो. त्यात संस्थेचं एक पाकीट हाताला लागलं. निकालासोबत प्रत्येक शाळेला माहितीसाठी मूळ उत्तरसूची पाठवली होती, ती हेडसरांनी न बघता कपाटात टाकली होती. ती पाठपोट छापलेली होती. मागच्या बाजूला तपासणाऱ्यांसाठी सूचना होत्या. त्यातली एक अशी: उदाहरण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अनुभवातले असून संज्ञेस धरून असल्यास पूर्ण गुण द्यावेत.

सूचनांचं पान म्हणजे नेहमीचंच, ते कोण वाचतो? म्हणून कागद वाचवायला पुढच्या बाजूचीच झेरॉक्स काढायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मीसुद्धा सराव परीक्षांच्या सूच्यांच्या झेरॉक्स अशाच काढल्यात. पेपर काढणारा कोणी शहाणा माणूस होता. त्याला कमळ आणि तळं यातला फरक ठाऊक होता, त्याने तो लिहूनही ठेवला होता. झेरॉक्सवाल्याने तो कागद उलटला नाही, एवढंच.

मी ती सूचना दोनदा वाचली. बारा दिवस हातात होते. तो कागद हेडसरांच्या पुढ्यात ठेवला असता, तर फेरतपासणी करावीच लागली असती, सगळ्या शाळांची. मग विचारलं असतं, हा गठ्ठा कोणी तपासला? शास्त्राच्या शिक्षकाने, ज्याला पर्यवेक्षक व्हायचंय. मग हेही निघालं असतं, की त्याने आधी शंका विचारली होती आणि मग मुकाट शून्यं दिली होती. मी कागद पाकिटात घातला, पाकीट कपाटात ठेवलं, आणि माझी फाईल घेऊन बाहेर आलो. ते बारा दिवस मी रोज सरांच्या शेजारी बसून डबा खाल्ला. त्यांच्या घरची तिळाची चटणी मला आवडायची. ती ते रोज न विसरता माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायचे.

त्यांना निरोप समारंभ झाला नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस निवृत्त होत नाही, त्याचा अर्ज पुढच्या जूनमध्ये घेतला जात नाही, बस. शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, "सर, त्या पोरीकडं ध्यान ठेवा. तिला बोलाय लई येळ लागतो, पन बोलती." मी हो म्हणालो.

नव्या जागेवर सचिवांच्या नात्यातला एक मुलगा आला. वाईट मुलगा नाही. वक्तशीर आहे, शुद्ध बोलतो. पुढच्या वर्षी कसोटीत आमची शाळा पहिली आली. भिंतीपलीकडून रोज चाळीस पोरांच्या तोंडून कमळ ऐकू यायचं. त्या पोरीने, ती आता नववीत होती, सगळी उदाहरणं सूचीबरहुकूम लिहिली आणि तिला संज्ञांमध्ये पूर्ण गुण मिळाले. बक्षीस वाटताना तिच्या हातात पेन मीच दिलं, पर्यवेक्षक म्हणून. मी तिला "शाबास" म्हणालो. ती काही बोलली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचा क्लार्क सहज बोलला, "मराठीच्या सरांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला होता. केडगावहून त्यांना सगळे कागद गेले. पेपर, तक्ते, उत्तरसूची पाठपोट."

"तक्तेसुद्धा?" मी विचारलं.

"सह्यांसकट," तो म्हणाला.

पुढच्याच रविवारी मी पुणतांब्याला निघालो. सरांची सासुरवाडी तिकडची, आणि शाळा सुटल्यावर ते तिकडेच राहायला गेले होते, एवढं ठाऊक होतं. जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक, तीन एसट्या बदलून. वाटेत मी स्वतःला सांगत होतो, की आपण कबूल करायला चाललोय. खरं तर मला त्यांना नेमकं काय कळलंय ते बघायचं होतं. दोन्हीतलं कुठलं जास्त होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

ते एका खाजगी वजनकाट्यावर सापडले. रस्त्याला लागून काट्याचं लोखंडी फलाट, बाजूला पत्र्याची केबिन, आत संगणक. कांद्याचा टेम्पो काट्यावर चढला की आकडा वाचायचा, चिठ्ठी काढून द्यायची. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "डायवर, खाली उतरा. तुमचं वजन कांद्यात नको." मग मी त्यांना दिसलो.

"सर, तुमी? या, आत या."

केबिनमध्ये एकच स्टूल होतं. त्यावर मला बसवलं, स्वतः उभे राहिले. शाळेची चौकशी केली, हेडसरांच्या गुडघ्यांची केली. त्या पोरीचं विचारलं. मी सांगितलं, चांगले गुण मिळतात. त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली, तीतून कागद काढला आणि उलटा करून माझ्या हातात दिला.

"वाचा. पाठीमागची चौथी सूचना."

मी पहिल्यांदाच वाचतोय असं वाचलं. चेहऱ्यावर काय आणावं ते कळेना, म्हणून जास्त वेळ वाचलं.

"अपील करणार का, सर?"

"न्हाई. निकाल कायम झालाय, तसं लिव्हून आलंय. मला फकस्त एवढंच बगायचं हुतं, का पोरं चुकली हुती का." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. "पोरं चुकली न्हवती, सर."

मग त्यांनी दुसरा कागद काढला. गुणांचा तक्ता. खाली माझी सही होती, झेरॉक्समध्ये मूळपेक्षा काळी आलेली.

"हो," मी म्हणालो. "मीच तपासले होते."

"तेच सांगतो तुमाला. कागद आलं तवा माझं डोकं लई फिरलं हुतं. म्हनलं, ज्यानं केलं त्यानं मुद्दाम केलं. मग खाली सही बगितली, तुमची. आन जिवाला बरं वाटलं." ते खरोखर हसत होते. "दुसरा कुनी आसता तर माझ्या मनातनं कधीच गेलं नसतं. तुमाला त्या लोकांनी एका बाजूचीच झेरॉक्स दिली आसनार. ही सूचना तुमच्या नदरंस पडली आसती, तर तुमी गप बसला आसता व्हय?"

बाहेर उसाची ट्रॉली काट्यावर चढली होती. ट्रॅक्टरवाला खिडकीपाशी येऊन चिठ्ठीसाठी उभा होता. सर त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. सांगायची हीच जागा होती. त्यासाठी तीन एसट्या बदलून आलो होतो.

"नाही पडली," मी म्हणालो.

"मग झालं तर." त्यांनी दोन्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवले. ट्रॅक्टरवाल्याला चिठ्ठी देताना माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे आमचे सर. लई सच्चा मानूस." ट्रॅक्टरवाल्याने मला नमस्कार केला. मीही केला.

मग खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी पलीकडच्या टपरीवर दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा. मला मधुमेह आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. चहा आला. ते उभ्याने प्यायले, मी त्यांच्या स्टुलावर बसून प्यायलो, सगळा.